व्हॉन फ्रीमन : शिकागो न सोडलेला सॅक्सोफोनवाला

मंद्रसप्तक

टेनर सॅक्सोफोनचा विषय निघाला की कोल्ट्रेन, सॉनी रॉलिन्स, डेक्स्टर गॉर्डन ही नावं ओळीने येतात. त्यात व्हॉन फ्रीमन कुठेच नसतो. शिकागोत राहणाऱ्या आपल्या मंडळींना विचारून पाहिलं, एकालाही ठाऊक नव्हता. हा माणूस जन्मला शिकागोत (१९२३), वाढला तिथेच, वाजवलं तिथेच आणि २०१२ मध्ये गेलाही तिथेच. गाव त्याचं, पण गावाला पत्ता नाही! म्हणून हा धागा.

वडील पोलिसात नोकरीला, पण गाण्याबजावण्याचे शौकीन. लहानपणचा एक किस्सा त्याच्याबद्दलच्या प्रत्येक लेखात येतो. सात वर्षांच्या व्हॉनने वडिलांच्या व्हिक्ट्रोला ग्रामोफोनचा कर्णा काढला, त्याला भोकं पाडली आणि फुंकत बसला. वडिलांनी आधी काय केलं असेल ते आपल्या पिढीला सांगायला नको. पण पुढे पोराला खरा सॅक्सोफोन मिळाला.

शाळा डुसेबल हायस्कूल. तिथे कॅप्टन वॉल्टर डायट नावाचे संगीतशिक्षक होते, कडक शिस्तीचे. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची नुसती नावं बघा : जीन अमन्स, जॉनी ग्रिफिन, क्लिफर्ड जॉर्डन, जॉन गिलमोर, एडी हॅरिस. हे सगळे टेनरवाले, एकाच सरकारी शाळेतले. संगीतशिक्षकाच्या हुद्द्यावर बसून एखादा माणूस शहराचा आवाज घडवू शकतो, हे पटायला एवढं पुरे.

दुसऱ्या महायुद्धात व्हॉन नौदलाच्या बँडमध्ये होता, हवाई बेटांवर. परत आल्यावर तिघा भावांनी, म्हणजे व्हॉन, गिटारवर जॉर्ज आणि ड्रम्सवर ब्रूझ, पर्शिंग हॉटेलच्या बॉलरूममध्ये बस्तान बसवलं. बाहेरगावचा मोठा कलाकार आला की साथीला हे. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, लेस्टर यंग, सगळ्यांबरोबर वाजवून झालं. अहमद जमाल, अँड्र्यू हिल, मुहाल रिचर्ड एब्रम्स हे पुढे नावारूपाला आलेले पियानोवादक व्हॉनच्या बँडमधून गेलेले. काही काळ सन रा या बँडप्रमुखाच्या ताफ्यातही होता.

एवढं सगळं झाल्यावर न्यूयॉर्कची गाडी पकडायची असते. ग्रिफिनने पकडली, जॉर्डनने पकडली. कंपन्या तिथे, मासिकं तिथे, समीक्षक तिथे. व्हॉन गेला नाही. ब्लूज गायकांच्या मागे वाजवलं, नाचाच्या हॉलमध्ये वाजवलं, कपडे उतरवण्याचे खेळ चालायचे अशा क्लबांतही वाजवलं. स्वतःच्या नावाची पहिली तबकडी निघाली १९७२ मध्ये, ‘डूइंग इट राइट नाउ’. तेव्हा वय एकोणपन्नासच्या आसपास! तीही सॅक्सोफोनवादक राहसान रोलंड कर्कने अटलांटिक कंपनीकडे शब्द टाकला आणि स्वतः निर्मिती केली म्हणून. बेसवर सॅम जोन्स, ड्रम्सवर जिमी कॉब असा ताफा दिला होता.

मला विचाराल तर खरा खजिना तीन वर्षांनंतरचा आहे. चक नेसा नावाच्या एका शिकागोकराने स्वतःच्या छोट्या कंपनीसाठी ११ जून १९७५ या एकाच दिवशी व्हॉनला स्टुडिओत बसवलं आणि त्यातून दोन तबकड्या निघाल्या, ‘हॅव नो फिअर’ आणि ‘सेरेनेड अँड ब्लूज’. साथीला गावातलीच माणसं : पियानोवर जॉन यंग, बेसवर डेव्हिड शिप, ड्रम्सवर विल्बर कॅम्पबेल. एकमेकांचा श्वास ओळखणारे.

आता मूळ मुद्दा. व्हॉनबद्दल एक तक्रार पहिल्यापासून होती, की हा सुरात वाजवत नाही. लांब धरलेला सूर शेवटाकडे किंचित चढतो. एखादी जागा अर्धा केस खालून घेतो आणि मग वर सरकवतो. पाश्चात्त्य कानाला ते खटकायचं. मी ‘सेरेनेड अँड ब्लूज’मधलं ‘आय विल क्लोज माय आइज’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खटकण्याऐवजी हायसं वाटलं. सॅक्सोफोनवर इतकी आस (सुराची लांबणारी ओढ), इतके कण (मुख्य सुराला शेजारच्या सुराचा ओझरता स्पर्श) मी कधी ऐकले नव्हते. सूर एका जागी खिळ्याने ठोकलेला नसतो, त्याला आजूबाजूला थोडं अंगण असतं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. माझं म्हणणं सरळ आहे : अमेरिकेने ज्याला दोष म्हटलं, तो गाणं ऐकून वाढलेल्या मराठी कानाला गुण वाटायला हवा.

ऐकलं असेल कुणी तर लिहा. नसेल तर ऐका आणि मग भांडा.

———

आगाऊ_कार्टं

पयला! बाकी लेख ऑफिसातून सुटल्यावर वाचतो. सॅक्सोफोन म्हणजे लग्नात बँडवाल्यांकडे असतो तोच ना, पितळी, वाकडा?

———

पारिजातक

मस्त लिहिलंय मंद्रसप्तक. माझा मुक्काम शिकागोत विद्यार्थी असतानाचा, आणि मी व्हॉन फ्रीमनला प्रत्यक्ष ऐकलंय, म्हणून हा लांबलचक प्रतिसाद.

साऊथ साइडला पंचाहत्तराव्या रस्त्यावर ‘न्यू अपार्टमेंट लाउंज’ नावाचा बार होता. नाव लाउंज, प्रत्यक्षात साधा मोहल्ल्यातला बार. दर मंगळवारी रात्री तिथे व्हॉन वाजवायचा आणि नंतर जॅम सेशन, म्हणजे ज्याला यायचं त्याने आपलं वाद्य घेऊन यावं. हा रतीब त्याने वर्षानुवर्षं घातला. आमच्या लॅबमधला एक मुलगा ट्रम्पेट वाजवायचा, तो मला ओढून घेऊन गेला. “त्या भागात रात्री कशाला जाताय” असं सांगणारे आपलेच देशी लोक भरपूर भेटले. तिथे गेल्यावर मात्र बारमधल्या काकू-मावश्यांनी आम्हाला सरकून जागा करून दिली.

आधी व्हॉनचा स्वतःचा सेट. म्हातारा, बारीक चणीचा, अंगात सूट. माइक हातात आला की गमतीजमती सुरू. लोक हसत असतानाच सॅक्सोफोन तोंडाला लावायचा आणि काहीही न सांगता एकट्यानेच सुरुवात करायचा. बेस नाही, ड्रम नाही, कुठली धून आहे तेही कळू द्यायचं नाही. दोन-तीन मिनिटं नुसतं तिच्या अवतीभवती हिंडायचं. मग एका क्षणी ओळखीची ओळ डोकावायची, ड्रमवाला ब्रश उचलायचा आणि अख्खा बार “आह्” करायचा. मला तर मैफिलीत मुखडा लागल्यासारखं झालं होतं.

मला जास्त लक्षात आहे तो त्यानंतरचा भाग. भिंतीला लागून पोरं उभी, हातात पेट्या. कॉलेजातली गोरी पोरं, साऊथ साइडची काळी पोरं, एक-दोन जपानी. एकेकाला बोलावलं जायचं. काहीजण अफाट वाजवायचे, काही अगदीच कच्चे. एका पोराची लय सुटली, कुठे आहे ते त्याचं त्यालाच कळेना. व्हॉन बाजूला बसून ऐकत होता. उठला, त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि अगदी हळू आवाजात फक्त समेच्या जागा वाजवत राहिला. (सम हा माझा शब्द.) पोरगं तिसऱ्या आवर्तनात जागेवर आलं, तसा हा परत आपल्या खुर्चीत. चेहऱ्यावर काही नाही. माझ्या ट्रम्पेटवाल्या मित्राने त्यानंतर मंगळवार चुकवला नाही, त्याच्या गाइडला मात्र बुधवारची मीटिंग पुढे ढकलावी लागली.

तिथल्या रस्त्याच्या एका तुकड्याला नंतर व्हॉनचं नाव दिलं. २०१० मध्ये शिकागो विद्यापीठाने रोझेनबर्गर पदक दिलं, आणि २०१२ साठी ‘जॅझ मास्टर’ हा अमेरिकन सरकारचा सन्मान मिळाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेला. म्हणजे अगदीच दुर्लक्षित म्हणता येणार नाही, पण सगळं फार उशिरा.

———

भैरवीप्रेमी

माहिती चांगली आहे. मुख्य मुद्द्याशी मात्र असहमत.

धागा वाचून ‘आय विल क्लोज माय आइज’ ऐकलं, नंतर ‘पोल्का डॉट्स अँड मूनबीम्स’ही ऐकलं. मला तो बऱ्याच ठिकाणी सरळसरळ चढा वाटला. दरबारी रागातला गंधार (ग) उतरलेला आणि आंदोलित असतो, कारण रागाचं ते मागणं आहे. गाणाऱ्यालाही ते माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही. श्रुतीला, म्हणजे सुरातल्या बारीक अंतरांना, शिस्त असते. इथे मागे पियानो वाजतोय, पियानोचा सूर पक्का बांधलेला, आणि त्यावर हे साहेब पाव सूर वर. याला आस म्हणायचं आणि चार पोरांनी शाळेच्या गॅदरिंगमध्ये असंच गायलं तर बेसूर म्हणायचं, हा न्याय काही पटत नाही. परदेशी माणसाने केलं की आपण लगेच श्रुती शोधायला निघतो.

आवाज दमदार आहे, लयीवर हुकूमत आहे, हे मान्य.

———

मंद्रसप्तक

@आगाऊ_कार्टं, तोच. पितळी, वाकडा.

@पारिजातक, काय नशीबवान आहात हो! तो लय सुटलेल्या पोराचा किस्सा वाचून मूळ लेखातले तीन परिच्छेद कापावेसे वाटले.

@भैरवीप्रेमी, मुद्दा वजनदार आहे, म्हणून सविस्तर. पियानो बांधलेला आणि त्यावर सूर सरकणारा, याचा तुम्हाला त्रास होतोय. पण आपण रोज काय ऐकतो? ख्याल गाणारा बाई-बुवा आणि साथीला हार्मोनियम. पेटीचा गंधार जागचा हलत नाही, गायकाचा हलतो. याच कारणाने आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. त्या भांडणात दोष कुणाला दिला गेला? पेटीला. “बुवा बेसूर आहेत, पेटी बरोबर आहे” असं कुणी म्हणालं नाही. मग इथे पियानोला न्यायाधीश का करायचं?

आणि शिस्त म्हणाल तर ब्लूजलाही आहे. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी असतो, पियानोवर तो मिळतच नाही. म्हणून पियानोवाले दोन्ही पट्ट्या एकदम किंवा घसरवून वाजवतात, तो मधला सूर ऐकू आल्याचा भास व्हावा म्हणून. व्हॉन तो सूर थेट लावतो. ‘व्हॉन फ्रीमन्स ब्लूज’ ऐका, तेच तेच अंतर तो पुन्हा पुन्हा, नेमक्या त्याच मापाने घेतो. ज्याला सूर सापडत नाही त्याची चूक दर वेळी वेगळी असते.

———

भैरवीप्रेमी

पेटीचा दाखला चांगला आहे, मान्य. पण पेटीवाला मागे राहतो, गायकाच्या मागून जातो. जॉन यंग तर स्वतः पुढे येऊन वाजवतोय. ब्लूजपुरतं तुमचं म्हणणं सोडून देतो. ‘पोल्का डॉट्स’ ब्लूज नाही, तिथे काय?

———

रेल्वेफाटक

मी यात पडणार नव्हतो, पण धंद्याचा विषय निघाला म्हणून.

आमच्या घरी बँड होता. आजोबा क्लॅरनेट, वडील सॅक्सो. लग्नं, उरूस, गणपती. मी स्वतः टेनर आणि आल्टो (टेनरपेक्षा लहान, चढ्या आवाजाचा सॅक्सो) दोन्ही वाजवतो, आता लग्नाची कामं बंद, शिकवण्या करतो. सूर चढण्या-उतरण्यामागे काय असतं ते सांगतो.

सॅक्सोला चाव्या असतात म्हणून लोकांना वाटतं की बोट ठेवलं की सूर पक्का. तसं नाही. सूर तीन ठिकाणी ठरतो : बोट, ओठ आणि घसा. खालचा ओठ रीडवर (तोंडात धरायच्या भागावरची पातळ पट्टी) जास्त दाबला की सूर चढतो, सैल सोडला की उतरतो. टेनरची रीड रुंद, म्हणून तिच्यात खेळायला जागा जास्त. शिकाऊ पोरगं दमलं की दात-ओठ आवळतं आणि सगळंच चढं वाजायला लागतं. तो चढेपणा वेगळा असतो, त्यात आवाज बारीक होतो, दबतो. जाणकार माणूस ओळखतो.

हा फ्रीमन मी ऐकला, या धाग्यावरूनच. सूर चढतो तेव्हा त्याचा आवाज बारीक होत नाही, उलट रुंदावतो. म्हणजे ओठ आवळलेले नाहीत, आतून, घशातून वर नेतोय. ते चुकून होत नाही, त्याला दम आणि रियाज लागतो. आणखी एक. एकच सूर दोन-तीन वेगवेगळ्या बोटांनी निघतो, प्रत्येकाचा रंग थोडा निराळा, उंची थोडी निराळी. हा माणूस एकाच सुरावर थांबून बोटं बदलतो. जलद वाजवताना पाण्यात खडे टाकल्यासारखा जो गुळगुळ आवाज येतो, तो त्यातला.

माझं मत : बेसूर नाही. पण माझ्या वडिलांनी मला असं वाजवू दिलं नसतं, तेही खरं. लग्नात ‘बहारो फूल बरसाओ’ असं सरकवत वाजवलं तर नवरदेव घोड्यावरून उतरेल.

———

आगाऊ_कार्टं

रेल्वेफाटक साहेब __/\__

नवरदेव उतरेल यावर हहपुवा (हसून हसून पुरेवाट). तुमच्या घरच्या बँडवर वेगळा धागा काढा, विनंती नाही, हुकूम समजा.

———

माडाची_सावली

गोव्याहून नमस्कार. धागा शिकागोचा आहे, पण गाव न सोडलेल्या आणि उशिरा ओळख पटलेल्या सॅक्सोफोनवाल्यांचं बोलणं चाललंय, तर आमच्या ब्राझ गोन्साल्विसचं नाव इथे यायलाच हवं.

ब्राझ तिसवाडीतल्या नेवऱ्याचे. गोव्यातल्या त्या पिढीने संगीत शिकलं ते चर्चच्या शाळेत : स्वरलेखन वाचायचं, व्हायोलिन हातात धरायचं आणि मग पोटासाठी मुंबई. धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या खोल्यांत, ट्रंक टाकायची आणि काम शोधायचं. ताजच्या बॉलरूममध्ये मिकी कोरिया, ट्रम्पेटवर चिक चॉकलेट ही मोठी नावं. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात तर गोंयकारांशिवाय पान हलत नव्हतं, आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव शोधून सापडत नव्हतं.

ब्राझ यांचं ऐन भराचं वाजवणं कोलकात्याचं. पार्क स्ट्रीटवरच्या ‘ब्लू फॉक्स’मध्ये पियानोवर लुई बँक्स, गायला पॅम क्रेन आणि सॅक्सोफोनवर ब्राझ. सत्तरच्या सुमारास ‘रागा रॉक’ नावाची त्यांची तबकडी निघाली. भारतीय राग आणि जॅझ यांची सांगड घालणाऱ्या पहिल्या काही भारतीय जॅझवाल्यांत ते आहेत. त्यांच्या पत्नी यव्हॉन याही गायिका, चिक चॉकलेटच्या कन्या.

१९७८ मध्ये मुंबईत रंगभवनला पहिली ‘जॅझ यात्रा’ झाली. सॉनी रॉलिन्स खुद्द आले होते. माझे वडील त्या गर्दीत होते. रॉलिन्सपेक्षा ते आपल्या माणसांबद्दलच जास्त बोलायचे, त्यात कोंकणी अभिमान किती आणि जॅझ किती ते देव जाणे.

तुमच्या व्हॉन फ्रीमनला निदान एका नेसाने एक दिवस स्टुडिओ दिला. आमच्याकडे तसा नेसा नव्हता. रेस्टॉरंटमध्ये रात्रभर जे वाजलं ते ताटं उचलता उचलता विरून गेलं.

———

मंद्रसप्तक

माडाची सावली ताई, शेवटची ओळ जिव्हारी लागली.

एक फरक मात्र नोंदवतो. ब्राझ यांच्यासारख्यांना पोटासाठी गाव सोडावंच लागलं, मुंबई मग कोलकाता. व्हॉनला सोडावं लागलं नाही, कारण शिकागोच्या साऊथ साइडला तेव्हा कामच एवढं होतं. अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेली लाखो काळी माणसं तिथे वसलेली, त्यांचे हॉल, त्यांची थिएटरं, त्यांचे क्लब. काळ्या वादकांची युनियनसुद्धा वेगळी होती, लोकल २०८, स्वतःच्या मालकीची इमारत असलेली. १९६६ मध्ये ती गोऱ्यांच्या लोकल १० मध्ये विलीन झाली.

———

तळ्यातमळ्यात

विलीनीकरण झालं तोवर नाचाचे हॉल बंद पडत चालले होते, ज्यूकबॉक्स आणि रॉक आले होते. व्हॉनची चाळिशी नेमकी त्याच काळातली. म्हणजे त्याने शिकागो सोडलं नाही यात निष्ठा किती आणि नाइलाज किती हे तपासायला हवं. आपल्याला ‘गाव न सोडणारा कलावंत’ ही गोष्ट फार आवडते. गायक भास्करबुवा बखल्यांचं एकही ध्वनिमुद्रण नाही, त्याबद्दलही आपण हळहळतो आणि त्याच वेळी थोडे सुखावतोही. मला तो सुखावणारा भाग संशयास्पद वाटतो. व्हॉनची १९५० ते ७२ मधली स्वतःची तबकडी नाही, हे नुकसानच आहे. वयाच्या तिशीत हा माणूस कसा वाजवायचा ते आता फारसं ऐकायला मिळत नाही.

त्याच शहरातलं दुसरं नाव इथे यायला हवं : फ्रेड अँडरसन. तोही टेनर, तोही पन्नाशीनंतर लोकांना दिसला. हा तर स्वतःच बार चालवायचा, ‘व्हेल्व्हेट लाउंज’. गल्ल्यावर बसायचा आणि वेळ झाली की उठून वाजवायचा. व्हॉनपेक्षा खूप मोकळं, धून वगैरे न पाळणारं वाजवणं. भैरवीप्रेमींनी जपून ऐकावं.

———

पारिजातक

तळ्यातमळ्यात, नाइलाजाचा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. १९८२ मध्ये कोलंबियासारख्या बड्या कंपनीने ‘फादर्स अँड सन्स’ काढली, एका बाजूला मार्सालिस बाप-लेक, दुसऱ्या बाजूला व्हॉन आणि त्याचा मुलगा चिको. चिको तोवर न्यूयॉर्कमध्ये नावाजलेला. म्हणजे दार उघडलं होतं. पुढे युरोपचे दौरेही झाले. तरी हा परत मंगळवारी पंचाहत्तराव्या रस्त्यावर हजर. ते नाइलाजाने होत नाही.

आणि त्या मंगळवारांचं पीक कुठवर गेलं बघा. स्टीव्ह कोलमन हा आल्टोवाला साऊथ साइडचाच, पोरवयात व्हॉनला ऐकून, त्याच्याबरोबर वाजवून तयार झाला आणि मग न्यूयॉर्कला जाऊन त्याने जॅझच्या लयीचं गणितच बदललं. त्याच्या बँडमध्ये पियानोवादक विजय अय्यर होता. विजय आणि आल्टोवाला रुद्रेश महंतप्पा यांची गाठही कोलमननेच घालून दिली. त्या रुद्रेशने २००८ मध्ये कर्नाटक संगीताचे सॅक्सोफोनवादक कद्री गोपालनाथ यांच्याबरोबर ‘किन्समेन’ काढली. साऊथ साइडच्या बारमधून निघालेली वाट चार-पाच माणसांत मंगळूरला पोचते.

———

भैरवीप्रेमी

कद्रींचं नाव काढलंत ते बरं झालं. गमक (सुराला दिलेला जोरकस झोका) सॅक्सोफोनवर कसं आणायचं याचा त्यांनी आयुष्यभर विचार केला, चाव्यांच्या रचनेतही फेरफार केले. तिथे सूर सरकतो तो रागाच्या हिशोबाने. माझा फ्रीमनवरचा आक्षेप त्यामुळे आणखी पक्का होतो.

———

रेल्वेफाटक

भैरवीप्रेमी, तुम्ही ‘पोल्का डॉट्स’बद्दल विचारलं होतं, त्याला कुणी उत्तर दिलं नाही. मी काल टेनर काढून त्याच्याबरोबर वाजवून पाहिलं. सुरुवातीची ओळ चढत जाते, तिच्या वरच्या टोकाला तो चढा लागतो. खाली येताना मात्र तो अगदी पियानोच्या सुरात येऊन बसतो, केसाचाही फरक नाही. म्हणजे घर त्याला माहीत आहे. वर जाताना ताणतो, खाली येऊन सोडतो. ऐकताना वरच्या सुरावर लक्ष न ठेवता तो जिथे उतरतो तिथे ठेवा.

बारावी-तेरावीतल्या माझ्या शागिर्दांना ऐकवलं. दोघांना आवडलं, एकाने विचारलं “सर, हे वाजवलं तर परीक्षेत मार्क कापतील का?” कापतील म्हटलं.

———

आगाऊ_कार्टं

शेवटी ऐकलं राव. पुणे ते लोणावळा लोकलमध्ये, कानात. काही कळलं नाही, पण तळेगाव आल्यावर परत लावलं. सुरुवात कुठून करायची ते नीट क्रमाने सांगा ना कुणीतरी, मी मधूनच घुसलोय.

———

मंद्रसप्तक

कार्ट्या, तुझ्यासाठी.

पहिल्यांदा ‘हॅव नो फिअर’मधलं ‘स्विंगिंग द ब्लूज’. काउंट बेसीच्या बँडची जुनी चीज, ताल पकडायला सोपी, पाय आपोआप हलतो. तिथे सुराबिराचा विचार करू नकोस. मग ‘सेरेनेड अँड ब्लूज’ सलग, रात्री, लोकलमध्ये नाही. ती आवडली तर मागे जाऊन १९७२ ची पहिली तबकडी ऐक, तिच्यातला ‘पोर्ट्रेट ऑफ जॉन यंग’ आपल्या पियानोवाल्या मित्रासाठी आहे. आणि शेवटी ‘द ग्रेट डिव्हाइड’, २००४ ची. ऐंशीच्या आसपासचा माणूस आहे हे आधी कुणाला न सांगता ऐकव आणि वय विचार.

रेल्वेफाटक, पोल्का डॉट्सचं उत्तर माझ्याकडून यायला हवं होतं, तुम्ही वाजवूनच दिलंत. ते ध्वनिमुद्रण इथे टाकता आलं तर बघा.

———

भैरवीप्रेमी

रेल्वेफाटकांनी सांगितल्याप्रमाणे उतरणारा सूर धरून ऐकलं. उतरतो तो सुरात, हे खरं आहे. वरचा मला अजूनही टोचतोच. मत बदललेलं नाही.

फक्त ‘व्हॉन फ्रीमन्स ब्लूज’ सध्या गाडीत लावून ठेवलंय, बायकोने आज विचारलं की हे कोण सारखं कुरकुरतंय. फ्रेड अँडरसनचं कुठलं आधी ऐकू? जपून म्हणालात म्हणून आधी तेच ऐकणार.